दोन पदरांच्या मधली जागा



‘इतिहासावर बोला’ असे चालकांनी आम्हांस सांगितले. मुळशी तालुक्यातल्या भरे गावी इतिहास म्हटला म्हणजे १९२१ साली सुरू झालेला धरणाविरुद्धचा सत्याग्रह आणि सेनापती बापट, असाच अर्थ कोणीही घेईल. तो विषय थोर आहे आणि त्यावर अधिकाराने बोलणारे या तालुक्यात पुष्कळ आहेत. आम्ही आज एका निराळ्या इतिहासाकडे वळणार आहोत. राजांचा आणि लढ्यांचा जसा इतिहास असतो तसा वस्तूंचाही असतो. वस्तू कशा बांधल्या गेल्या, कशा मोडल्या आणि मोडल्यावर माणूस काय शिकला, हेही सांगण्याजोगे असते.

बळकट वस्तूंचा इतिहास सामान्यतः द्रव्यांची वंशावळ म्हणून सांगितला जातो. आधी लाकूड, मग लोखंड, मग पोलाद, ॲल्युमिनियम आणि अखेरीस कार्बनचे तंतू. प्रत्येक नवा वंशज आधीच्याहून बळकट! ही वंशावळ खोटी नाही, पण अपुरी आहे. थरावर थर लावून बांधलेल्या वस्तू मोडतात तेव्हा पुष्कळदा थर शाबूत असतात आणि मोडते ती दोन थरांच्या मधली जागा. त्या जागेत काय घालावे हे माणसाला फार उशिरा उमगले. ते कसे उमगले, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रारंभ आपल्याच डोंगरातल्या बांबूपासून करू. बुरूड बांबू कसा चिरतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तोंडाशी कोयत्याची धार टेकवून एक ठोका दिला की चीर आपोआप पुढे धावते. मग कोयता थोडा पिळीत जावे, कामटी सुटत जाते. तोच बांबू आडवा मोडू म्हटले तर धट्टाकट्टा गडीही थकतो. कारण उघड आहे. बांबूतले बळकट तंतू सगळे लांबीच्या दिशेने धावतात आणि त्यांना धरून ठेवणारा मधला गर मऊ असतो. तंतू तोडावयास मोठे बळ लागते, त्यांना एकमेकांपासून सोडवावयास थोडेच पुरते. चीर गाठीपाशी आली की मात्र अडखळते, कारण तेथे तंतू सरळ न राहता एकमेकांत गुंततात. आजच्या विमानाच्या पंखाचे सारे बळ आणि सारे दुखणे या एका बांबूत दिसते.

योगायोग असा की, कार्बनच्या तंतूचा आरंभही बांबूशी जोडलेला आहे. एडिसनने १८७९ साली आपल्या विजेच्या दिव्यासाठी सुताचा दोरा जाळून त्याचा कोळसा वापरला. पुढच्या वर्षी त्याने बांबूची बारीक कामटी जाळून पाहिली आणि ती अधिक टिकली. जपानात क्योटोजवळचा बांबू त्यानंतर सुमारे दहा वर्षे त्याच्या दिव्यांत जळत होता. त्या तंतूकडून प्रकाशापलीकडे कोणाची अपेक्षा नव्हती. त्यावर भार टाकावा असे कोणाच्या मनातही आले नसेल.

आता घरात येऊ. थरांचे शास्त्र आपल्या आयाबहिणींना फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि तेही दोन्ही बाजूंनी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरून केलेली गोधडी वर्षानुवर्षे टिकते, ती त्या थरांतून आरपार गेलेल्या धावदोऱ्यामुळे. धावदोरा उसवला की थर सरकतात आणि गोधडीचा गोळा होतो. उलट, चिरोट्यात थर सुटावेत हीच इच्छा असते. म्हणून लाटलेल्या पोळ्यांच्या मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावतात. साटा म्हणजे दोन पदरांच्या मध्ये मुद्दाम घातलेला असा पदर की, जो त्यांना एकमेकांस चिकटू देत नाही. तळणीत पडताच चिरोटा फुलतो आणि पदर मोकळे होतात. एकच जागा, परंतु तेथे दोरा घातला तर पदर धरून राहतात आणि साटा घातला तर सुटतात. पुढचे सारे शास्त्र या दोन टोकांमध्ये आहे, एवढे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

विमानांच्या पहिल्या पर्वात हा प्रश्न सरसाचा होता. कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे यांचे नाव आपल्याला अधिक परिचित असावयास हवे. १९०८ साली जन्मलेले हे गृहस्थ जर्मनीत ग्योटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टर झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी दहा माणसे बसतील असे लाकडी ग्लायडर आखले. पुढे १९५१ साली उडालेले एचटी-२ हे शिकाऊ विमानही त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाले. लाकडी ग्लायडरात खिळ्यांवर भार टाकता येत नाही. लाकडाला लाकूड सरसानेच जोडावे लागते आणि माणसांचे प्राण त्या पातळ रेघेवर टांगलेले असतात.

ती रेघ काय करू शकते हे याच युद्धात आपल्या आघाडीवर दिसून आले. इंग्रजांचे मॉस्किटो हे विमान १९४० साली प्रथम उडाले. बर्च लाकडाच्या प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा हे हलके लाकूड घालून त्याचे अंग बनविलेले होते आणि आरंभी त्याचा सरस दुधातल्या केसीनपासून केलेला असे. ब्रह्मदेशच्या मोहिमेसाठी ही विमाने हिंदुस्थानात आली, आणि १९४४ च्या अखेरीस त्यांतली काही हवेतच मोडली. उड्डाणे थांबवून तपासणी करावी लागली. प्रथम सर्वांनी बोट दाखविले ते आपल्याकडच्या उन्हापावसाकडे आणि सरसाकडे. चौकशीत मात्र सांधे जुळविताना आणि सरस लावताना राहिलेले दोष पुढे आले. लाकूड बिनचूक होते, आराखडाही बरा होता. दोष होता तो दोन पृष्ठभागांच्या मध्ये, जेथे नजर पोहोचत नाही.

याच सुमारास इंग्लंडात डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन या संशोधकाने या जागेसाठी एक युक्ती काढली. फिनॉलची कृत्रिम राळ चिकटते चांगली, पण सुकल्यावर काचेसारखी ठिसूळ होते. १९४१ मध्ये त्याने धातूच्या पत्र्यांवर ही राळ लावून तीवर पॉलिव्हिनिल फॉर्मल या चिवट पॉलिमरची पूड भुरभुरली आणि उष्णता व दाब देऊन पत्रे जोडले. जोड नुसता चिकट न राहता चिवटही झाला. या मिश्रणाचे नाव ‘रेडक्स’, आणि ते पुढे अनेक दशके विमानांच्या सांध्यांत वापरले गेले. ठिसूळ राळेच्या पोटात चिवट पॉलिमर घालण्याच्या कल्पनेचे मूळ आम्हांस येथे दिसते.

पॉलिमर म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगावयास हवे. लहान रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांबच लांब साखळी, तिला पॉलिमर म्हणतात. पुण्यात जन्मलेले आणि १९७९ ते १९८५ या काळात विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक असलेले वसंत गोवारीकर यांनी दोन सहकाऱ्यांसह लिहिलेले या शास्त्रावरचे पाठ्यपुस्तक १९८६ साली निघाले आणि देशभरच्या विद्यार्थ्यांनी ते वाचले. साखळ्या एकमेकींशी पक्क्या गाठी मारून बसल्या तर पदार्थ ताठ पण ठिसूळ होतो. एपॉक्सी राळ ही अशी. साखळ्या नुसत्या एकमेकींत गुंतलेल्या असल्या तर ओढ बसताच त्या सरकतात, ताणतात आणि त्या खटपटीत आघाताची ऊर्जा खाऊन टाकतात. नायलॉन हे असे. पहिला प्रकार भार सांभाळतो, दुसरा धक्का सोसतो.

कार्बनच्या तंतूंनी भार वाहावयास प्रारंभ केला तो एडिसननंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी. १९५८ साली अमेरिकेत रॉजर बेकन यांना ग्रॅफाइटच्या अतिबळकट केसराचा शोध लागला. जपानात अकिओ शिंदो यांनी ॲक्रिलिक धागा जाळून तंतू करण्याची रीत काढली. १९६३–६४ च्या सुमारास इंग्लंडात फार्नबरो येथे वॉट, फिलिप्स आणि जॉन्सन यांनी तीच वाट पुढे नेऊन खरा बळकट तंतू हाती आणला. हा तंतू जाडीला सुमारे सात सहस्रांश मिलिमीटर. असे लक्षावधी तंतू राळेत भिजवून त्यांचा थर करतात. थराची जाडी साधारण एक अष्टमांश मिलिमीटर असते. असे दहा, वीस, पन्नास थर वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचून दाबभट्टीत भाजले की पोलादाशी स्पर्धा करणारा, पण वजनाने त्याच्या पाव हिश्शाहूनही हलका पत्रा तयार होतो.

नव्या द्रव्याचा गर्व लवकरच उतरला. रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या आरबी-२११ या इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन तंतूंची करावयाचे ठरविले आणि १९६८ साली त्या इंजिनाचा मोठा करार मिळविला. इंजिनात पक्षी शिरला तर काय होईल, हे पाहण्यासाठी मेलेली कोंबडी तोफेतून पात्यांवर मारतात. १९७० च्या त्या परीक्षेत पाती टिकली नाहीत, आणि त्यांच्या जागी टायटॅनियमची बसवावी लागली. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनीने दिवाळे काढले. केवळ पात्यांमुळे कंपनी बुडाली असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. हाताबाहेर गेलेला खर्च आणि टळलेल्या मुदती ही मोठी कारणे होती. तथापि लांबीच्या दिशेने प्रचंड ओढ सोसणारे पाते आडव्या आघाताला भिते, हा धडा सर्वांना मिळाला.

आडव्या आघाताने नेमके काय होते? पंखावर कोणाच्या हातून जड पाना पडला असे समजू. धातूचा पत्रा असता तर पोचा पडला असता आणि दिसला असता. कार्बनच्या पत्र्यावर वरून कदाचित काहीच दिसत नाही. आत मात्र पत्रा वाकताना थर एकमेकांवरून घसरू पाहतात, मधली राळ फुटते आणि दोन-चार ठिकाणी पदर सुटतात. सुटलेल्या पदरांची ताठपणाची शक्ती जाते. जुडीतल्या कामट्या एकत्र बांधलेल्या असतात तोवर भार घेतात, मोकळ्या झाल्या की एकेक लवते, तशीच ही गोष्ट. दाब आला की तो भाग फुगतो, आणि चीर पुढे सरकते. न दिसणारी इजा हा या द्रव्याचा खरा शत्रू होय.

चिरेचा हिशेब कसा मांडावा, हे ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२१ सालीच दाखविले होते. चीर वाढते ती ऊर्जा मिळेल तरच, तेव्हा नवा पृष्ठभाग उघडावयास किती ऊर्जा लागते ते मोजा. अमेरिकेतल्या अर्विन यांनी १९५० नंतर हा हिशेब अभियंत्यांच्या हातात दिला. त्यावरूनच पदरांची परीक्षा निघाली. पट्टीच्या एका टोकाला मधोमध चीर ठेवतात, दोन्ही ओठ ओढीत जातात आणि लागलेली ऊर्जा मोजतात. ठिसूळ एपॉक्सीच्या पत्र्यात हा आकडा दर चौरस मीटरला सुमारे १०० ते २५० ज्यूल येतो. २०० ज्यूल म्हणजे किती? वीस किलोचे भाताचे पोते मीटरभर उचलावयास लागते तेवढी ऊर्जा! तेवढ्यात चौरस मीटरभर पदर पूर्ण सुटतो. तेच तंतू आडवे तोडावयाचे तर याच्या शंभरपट आणि अधिक ऊर्जा लागते. बांबूचा बुरूड हेच सांगत होता, फक्त त्याने आकडा दिला नव्हता.

उपाय म्हणून प्रथम राळच चिवट करून पाहिली. येथे एक चमत्कारिक गोष्ट आढळली. राळेचा चिवटपणा जेवढा वाढे तेवढा पत्र्याचा वाढत नसे. चिवट राळेच्या बाबतीत तिच्या तीन हिश्शांतला सुमारे एकच हिस्सा पत्र्याच्या पदरात पडे. कारण शोधता असे दिसले की, चिवट द्रव्याला ऊर्जा खाण्यासाठी चिरेच्या टोकाभोवती ताणावयास जागा लागते, आणि ताठ तंतूंच्या दाटीत ती मिळत नाही. गर्दीत उभ्या माणसाला हात पसरता येऊ नये, तसे हे होते.

तेव्हा १९८० नंतरच्या दशकात अमेरिकन सायनामिड या कंपनीच्या संशोधकांनी दोन थरांच्या मध्ये चिवट पॉलिमरचा एक पातळ, स्वतंत्र पदर घातला. त्यात तंतू नाहीत. चीर त्या पदरात शिरली की तिच्या टोकाला साखळ्या ताणावयास मोकळीक मिळते आणि चिरेची ऊर्जा तेथे खर्ची पडते. पाना पडल्यावर थर घसरू पाहतात तेव्हा हा लाभ विशेष दिसतो. ओठ उघडणाऱ्या चिरेत तो बहुधा कमी असतो.

परंतु फुकट काहीच मिळत नाही. एक अष्टमांश मिलिमीटरच्या थरावर एक चाळिसांश मिलिमीटरचा पदर घातला म्हणजे जाडी एक पंचमांशाने वाढली. ती भार न वाहणारी जाडी होय. वजन वाढले आणि ताठपणा घटला. म्हणून असा पदर सर्वत्र न घालता जेथे पदर सुटण्याचा धोका अधिक, तेथेच घालणे शहाणपणाचे ठरते. दुसरा धोका याहून मोठा आहे. पॉलिमरचा पदर स्वतः कितीही चिवट असला तरी तो शेजारच्या राळेला धरून राहिला नाही तर चीर त्याच्या पोटात न शिरता कडेने निसटते. मग तो धावदोरा न राहता साटा होतो.

जपानच्या तोरे कंपनीने मध्यम मार्ग काढला. अखंड पदराऐवजी थराच्या पृष्ठभागावरच चिवट पॉलिमरचे सूक्ष्म कण पसरावयाचे. भाजताना ते दोन थरांच्या मध्ये राहतात, जागाही राखतात आणि चीरही अडवितात. १९९४ साली प्रथम उडालेल्या बोइंग ७७७ विमानाची शेपटी या द्रव्याची झाली. २००९ साली उडालेल्या ७८७ विमानाच्या वजनाचा निम्मा भाग संमिश्र द्रव्यांचा आहे. डी ब्रुइनने पत्र्यावर भुरभुरलेल्या पुडीची आठवण येथे कोणास होणार नाही?

मग सर्वत्र बळकटात बळकट सरस लावावा काय? तेही नव्हे. १९६४ साली कुक आणि गॉर्डन या इंग्रज संशोधकांनी दाखविले की, तंतूंमधला जोड थोडा कच्चा असेल तर आडवी येणारी चीर तेथे वळते आणि वस्तू एका झटक्यात तुटत नाही. सर्व काही एकजीव घट्ट केले तर काचेसारखे होते. कोठे घट्ट धरावे आणि कोठे थोडे सोडावे, याचा विवेक म्हणजेच हे शास्त्र.

आपल्या देशात हा विवेक आता प्रत्यक्ष कामात उतरला आहे. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेल्या तेजस विमानाच्या सांगाड्याचा वजनाने सुमारे ४५ टक्के भाग संमिश्र द्रव्यांचा आहे. आपल्या अगदी जवळचे उदाहरण पाण्यातले आहे. पुण्याजवळ दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेने आखलेला आणि गोव्यात पिळर्ण येथे किनेको कंपनीने घडविलेला सोनारचा घुमट नोव्हेंबर २०१६ मध्ये नौदलाच्या हवाली झाला. जहाजाच्या तळाशी बसणाऱ्या या घुमटातून ध्वनी आरपार जावा लागतो आणि समुद्राचा माराही सोसावा लागतो. पदर सुटून मध्ये हवेची पोकळी राहिली तर ध्वनी तेथूनच परततो. म्हणजे पदर सुटला की जहाज बहिरे होते.

अलीकडच्या दोन गोष्टी सांगून आटोपते घेतो. त्झेनिस आणि रेनेकर यांनी २००१ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रीतीत दोन थरांच्या मध्ये पॉलिमरच्या अतिसूक्ष्म धाग्यांची विरविरीत जाळी घालतात. तिचे वजन आणि जाडी नाममात्र, पण चीर पुढे जाऊ लागली की हे धागे दोन्ही काठ धरून ठेवतात. २०२२ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. वितळू शकणाऱ्या पॉलिमरची नक्षी त्यांनी थरांवर छापली आणि विजेने तापणारे पदरही आतच ठेवले. पदर सुटला की वीज सोडावयाची. नक्षी मऊ होऊन चिरेत पसरते आणि पुन्हा सांधते. एकच जागा अशी १०० वेळा उघडून सांधल्याचे त्यांनी नोंदविले आहे. एकदा उसवली की गोधडी पुन्हा शिवावी लागते, ही मात्र आतल्या आत शिवली जाते.

आता शेवटचे. पदरांच्या परीक्षेत आरंभीची चीर कशी करतात हे आम्ही मघाशी सांगितले नाही. थर रचतानाच दोन थरांच्या मध्ये न चिकटणाऱ्या टेफ्लॉनचा पातळ तुकडा घालतात. म्हणजे चक्क साटा लावतात. आणि राळेत भिजविलेल्या तंतूंची गुंडाळी कारखान्यात येते तेव्हा तिच्या अंगावर असाच एक संरक्षक पापुद्रा असतो. तो प्रत्येक थरावरून आठवणीने सोलून काढावा लागतो. एखाद्या वेळी घाईत त्याचा बोटभर तुकडा आत राहिला तर भट्टीतून निघालेला पत्रा वरून तसाच गुळगुळीत आणि काळाभोर दिसेल. धरून ठेवणारे प्लॅस्टिक आणि सोडविणारे प्लॅस्टिक, दोन्ही केसाहून बारीक, दोन्ही त्याच अंधाऱ्या जागेत.

पिरंगुट-घोटावड्याच्या परिसरात आज भाताच्या खाचरांना लागून कारखान्यांची छपरे उभी आहेत आणि आपल्या घरची मुले-मुली तेथे कामास जातात. आज ना उद्या असे थर लावण्याचे कामही त्यांच्यापैकी कोणाच्या हाती येईल. त्या पंखात बसणारा प्रवासी त्यांना कधी भेटणार नाही आणि त्यांनी सोललेला पापुद्रा कोणी पाहणार नाही. १९४४ साली सरस लावणाऱ्यालाही कोणी पाहिले नव्हते. दोन पदरांच्या मध्ये आपण काय ठेवले आणि काय राहू दिले, हे लावणाऱ्यालाच ठाऊक असते. आमच्या या इतिहासाचा धडा एवढाच आहे, आणि तो आपल्या हाती सोपवून आम्ही आपली रजा घेतो.